बाटलीला वाट सापडली, मल्चिंग पेपरला अजून नाही

एप्रिल सरत आला की जावळी-महाबळेश्वरच्या पट्ट्यात स्ट्रॉबेरीचा तोडा ओसरतो. गादीवाफ्यांवरची रोपं पिवळी पडतात, ठिबकच्या नळ्या गुंडाळून पडवीत जातात आणि शेतात एकच काम उरतं, ज्याचे पैसे कुणीच देत नाही. ते म्हणजे मल्चिंग पेपर उपसणं. सप्टेंबर-ऑक्टोबरात लागणीआधी वाफ्यावर ताणून बसवलेली ही पॉलिथिनची फिल्म वरून चंदेरी, खालून काळी, जाडीला पंचवीस-तीस मायक्रॉन. ती असते म्हणून तण येत नाही, ओल टिकते, फळ मातीला टेकत नाही आणि बाजारात डागाविना जातं. सहा-सात महिने ऊन खाल्ल्यावर मात्र तिच्यातला जीव जातो. एक टोक धरून ओढलं की रोपासाठी पाडलेल्या भोकाशी ती फाटते. हातात वीतभर पट्टी येते, बाकीची वाफ्याखालीच राहते. जी निघते तिच्या दोन्ही अंगांना लाल माती घट्ट बसलेली असते, भोकांतून मुळांचे झुबके लोंबत असतात. तो बोजा उचलताना निम्म्याहून जास्त वजन मातीचंच असतं.

मग तो ढीग बांधाला लागतो. कुठे संध्याकाळी काडी लागते आणि काळा धूर खोऱ्यात रेंगाळतो. कुठे वळवाचा पाऊस त्याला ओढ्यात नेतो. ओढा वेण्णा नदीला मिळतो. वेण्णा महाबळेश्वरावरून उतरून जावळीतल्या मेढ्याजवळून कण्हेरच्या जलाशयात जाते, तिथून पुढे संगम माहुलीला कृष्णेत. कृष्णा कराड करून सांगलीत शिरते. मेढ्याच्या बांधावरचा तुकडा सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत जाऊ शकतो, कण्हेरचं धरण सोडलं तर त्याला अडवणारं मध्ये फारसं काही नाही.

गेल्या काही वर्षांत प्लास्टिकच्या रासायनिक पुनर्वापराबद्दल खूप बोललं जातं. प्लास्टिक वितळवून पुन्हा हलक्या दर्जाची बादली करायची नाही, तर त्याचे रेणू सोडवायचे आणि त्यांतून नवं, चढ्या किमतीचं द्रव्य घडवायचं, असं ते वचन आहे. धागा, रंग, साबण, औषधसुद्धा. हे वचन खोटं नाही. त्यातलं बरंचसं महाराष्ट्रातच करून दाखवलं गेलं आहे. पण ते कुठल्या प्लास्टिकला लागू आहे आणि मेढ्याच्या बांधावरच्या ढिगापर्यंत का पोचलेलं नाही, हे नीट मांडलं गेलेलं मला कुठे दिसलं नाही. म्हणून हा लेख.

आधी रसायनशास्त्राचा एक साधा फरक. पाण्याची बाटली आणि मल्चिंग पेपर, दोन्हींना आपण प्लास्टिकच म्हणतो, पण त्यांच्या रेणूंची घडण वेगळी. बाटली पेटची, म्हणजे पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेटची. ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या दोरासारखा तिचा रेणू असतो. त्या गाठी म्हणजे एस्टर बंध, आणि त्या सोडवता येतात. गाठी सुटल्या की ज्या दोन पदार्थांपासून दोर वळला होता, ते टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल, जवळजवळ जसेच्या तसे हाती येतात. पॉलिथिनच्या दोराला गाठच नसते. कार्बनला कार्बन जोडलेला, एकसारखा, हजारो दुव्यांचा. तो सोडवता येत नाही, तोडावाच लागतो, आणि कुठे तुटेल यावर आपला ताबा कमी. पुढचं सगळं अर्थकारण या एका फरकातून निघतं.

गाठ सोडवण्याचं काम किती सुबक असतं ते पाहण्यासारखं आहे. बाटल्यांची टोपणं आणि लेबलं काढायची, त्यांचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे करायचे, धुवायचे. भरपूर ग्लायकॉलमध्ये थोडं झिंक अॅसिटेट घालून ते १९०-२०० अंश सेल्सिअसला उकळत ठेवायचे. ग्लायकॉल एस्टर बंधात शिरतं आणि साखळी तुकड्या-तुकड्यांनी उघडत जाते. तुकडे दिसेनासे होतात, उरतो एक गढूळ द्रव. तो गरम असतानाच गाळून थंड केला की तळाशी पांढरे, सुईसारखे स्फटिक धरतात. हे बीएचईटी, म्हणजे दोन्ही टोकांना ग्लायकॉल जोडलेलं टेरेफ्थॅलिक आम्ल. हिशेबही स्वच्छ आहे: पेटचा एक घटक १९२ ग्रॅम, त्यात ग्लायकॉल ६२ ग्रॅम, मिळून बीएचईटी २५४ ग्रॅम. तत्त्वतः काही वाया जात नाही. हे स्फटिक शुद्ध करून निर्वातात २८० अंशांच्या आसपास तापवले की ग्लायकॉल बाहेर पडतं आणि पुन्हा पेट तयार होतं. आधीच्या बाटलीचा रंग, वास, मळ त्यात राहत नाही. नुसतं वितळवून केलेल्या पुनर्वापरात हे साधत नाही. तिथे प्रत्येक फेरीला साखळी आखूड होते आणि मळ साठत जातो.

मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९३३ साली सुरू झालेल्या आणि आजही अनेकांच्या तोंडी यूडीसीटी असलेल्या संस्थेत, वस्त्र-रसायनशास्त्राचे प्राध्यापक संजीव शुक्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांचा प्रश्न होता की सोडवलेल्या घटकांतून परत बाटलीच का करायची? २००६ साली त्यांनी पेटच्या कचऱ्यावर इथेनॉलअमाइन चालवून वेगळाच पदार्थ मिळवला. पुढच्या दोन-तीन वर्षांत अशा घटकांपासून कापडाला मऊपणा देणारी द्रव्यं आणि पॉलिस्टर रंगवायचे रंग तयार केले. म्हणजे टाकलेल्या बाटलीतून निघालेल्या रंगाने बाटलीच्याच जातीचं कापड रंगवायचं. रंग हे किलोमागे कितीतरी जास्त पैसे देणारं रसायन आहे. 'कचऱ्यातून अधिक मोलाचं' या शब्दांचा इतका नेमका अर्थ आपल्याकडे इतक्या आधी लावला गेला, पण कापड-रसायनाच्या वर्तुळाबाहेर ही नोंद फारशी गेली नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

कारखान्याच्या पातळीवर हे काम नाशिक जिल्ह्यात उभं राहिलं. दिंडोरी तालुक्यातल्या अवनखेडला पॉलिजेंटा टेक्नॉलॉजीज या कंपनीने वापरलेल्या बाटल्या ग्लायकॉलमध्ये विरघळवून त्यांतून थेट पॉलिस्टरचं सूत काढायला सुरुवात केली. तेच काम आज रेवाल्यू रिसोर्सेस या जर्मन मालकीच्या कंपनीच्या नावाने चालतं. कंपनी सांगते त्याप्रमाणे तिथली क्षमता दिवसाला ४० टनांवरून १६० टनांवर गेली, म्हणजे दिवसाला एक कोटीच्या आसपास बाटल्या. जगात ग्लायकॉल पद्धतीने एवढ्या मोठ्या प्रमाणावर चालणारे कारखाने मोजकेच आहेत आणि त्यांतला एक द्राक्षांच्या दिंडोरीत आहे. कास पठाराच्या फुलांच्या हंगामात किंवा केळघर घाटातून महाबळेश्वरला जाताना पर्यटकाने टाकलेली बाटली मेढ्यातल्या भंगारवाल्याच्या पोत्यात गेली, तर तिचं पुढे शर्ट होणं आता स्वप्नातली गोष्ट राहिलेली नाही.

आणि ती पोत्यात जाते, हेच महत्त्वाचं. भंगारवाला बाटली घेतो कारण पुढे तिला गिऱ्हाईक आहे. २३ मार्च २०१८ला राज्य सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा बाटलीमागे एक-दोन रुपये अनामत ठेवून ते परत देण्याची कल्पनाही त्यात होती. ती अनामत रुजली नाही. तरीही बाटल्या गोळा होतच राहिल्या, कारण मागणी टिकून होती. सरकारी यंत्रणेच्या आधी बाजारानेच बाटलीला वाट काढून दिली. चिप्सच्या पुड्याला, गुटख्याच्या पाकिटाला, शाम्पूच्या सॅशेला आणि मल्चिंग पेपरला ती मिळाली नाही. कचरा वेचणारी बाई बाटली उचलते आणि पुडकं तिथेच ठेवते, ती निष्काळजी आहे म्हणून नव्हे. पुडक्याच्या किलोला तिला काहीच मिळणार नाही, हे तिला ठाऊक असतं.

गाठ नसलेल्या दोराचं काय करायचं, यावरही मराठी माणसांनी डोकं चालवलं आहे. नागपूरच्या रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. अलका झाडगावकर यांनी या शतकाच्या सुरुवातीलाच प्लास्टिकपासून इंधन काढण्याची पद्धत मांडली आणि पती उमेश यांच्यासह बुटीबोरीला प्रकल्प उभा केला. पुण्यात मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी घरच्या प्रेशर कुकरपासून प्रयोगाला सुरुवात केली आणि पुढे 'रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्यूशन्स'चा प्रकल्प जेजुरीला नेला. हवा आत येऊ न देता प्लास्टिक चार-पाचशे अंशांपर्यंत तापवायचं, लांब साखळ्या तुटून वाफ होते, ती थंड केली की तेल मिळतं. न गोठणारा वायू भट्टी तापवायलाच वापरला जातो, तळाशी थोडा काजळीसारखा कोळसा उरतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन या कामाला सर्वांत चांगले, कारण त्यांच्यात कार्बन आणि हायड्रोजन सोडून दुसरं काही नसतं. त्यांचं तेल डिझेलच्या जवळ जातं.

या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. सरकार, विद्यापीठं आणि मोठ्या कंपन्या या प्रश्नाकडे पाहायलाही तयार नव्हत्या, तेव्हा त्यांनी घरोघर जाऊन लोकांना प्लास्टिक वेगळं ठेवायला शिकवलं. पुण्यातल्या घरांतून धुऊन वाळवून दिलेल्या पिशव्या जेजुरीपर्यंत पोचवणं हे मूळ रसायनापेक्षा अवघड काम होतं. पण म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. तेल काढून ते जाळलं, तर प्लास्टिकचं प्लास्टिक झालं नाही. एक किलो पॉलिथिन पूर्ण जळलं की तीन किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चौदा ग्रॅम पॉलिथिनला चव्वेचाळीस ग्रॅम वायू, हा शाळेतला हिशेब आहे. २०२२च्या केंद्रीय प्लास्टिक कचरा नियमांनीही हे ओळखलं आहे. उत्पादकांच्या वाढीव जबाबदारीच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टिकचं तेल करणं हे पुनर्वापरात नाही, तर सिमेंटच्या भट्टीत किंवा रस्त्याच्या डांबरात घालण्यासारखं अखेरच्या विल्हेवाटीत धरलं आहे. ज्याचा पुनर्वापर होऊच शकत नाही, त्याच्यासाठीच ती वाट. मला हा क्रम योग्य वाटतो.

तेलाची दुसरी वाट आहे ती जाळण्याऐवजी परत कारखान्यात नेण्याची. हे तेल शुद्ध करून खनिज तेलापासून निघणाऱ्या नाफ्थ्यात मिसळलं आणि आठशेहून अधिक अंशांवर तोडलं की इथिलीन मिळतं, इथिलीनपासून पुन्हा नवं पॉलिथिन. २०२४च्या सुरुवातीला रिलायन्सने जामनगरला या मार्गाने बनवलेलं, प्रमाणपत्र मिळालेलं पॉलिमर बाजारात आणल्याचं जाहीर केलं. हा मार्ग खरा आहे, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली, तेलाचा थेंब महासागराएवढ्या नाफ्थ्यात मिसळतो, त्यामुळे कुठल्या दाण्यात किती कचरा गेला हे मोजता येत नाही, फक्त हिशेबाच्या वहीत वाटून दाखवता येतं. दुसरी अधिक कठीण: या यंत्रणेला क्लोरीन अजिबात चालत नाही. पीव्हीसीच्या वजनात जवळपास ५७ टक्के क्लोरीन असतं. फिल्मच्या गठ्ठ्यात पीव्हीसीच्या नळीचे चार तुकडे गेले की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन नळकांडी खाल्ली जातात. माती, खताचे क्षार, कीटकनाशकांचे अंश यांनीही उत्प्रेरक मरतात. मेढ्याच्या बांधावरचा ढीग आठवा. मोठ्या कारखान्यासाठी तो कच्चा माल नाही, माती लागलेली डोकेदुखी आहे.

याच पॉलिथिनमधून अधिक मोलाचं काही काढता येईल का, यावर जगात काम चालू आहे. २०२०मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा इथे सुझाना स्कॉट यांच्या गटाने प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर केवळ २८० अंशांना पॉलिथिनपासून लांब शेपटीचे अल्किलबेंझीन मिळवले. धुलाईच्या पावडरीला लागणाऱ्या द्रव्यांशी त्यांचं नातं जवळचं आहे. २०२३मध्ये व्हर्जिनिया टेकच्या गुओलियांग लिऊ यांनी पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तापवून निघालेलं मेण मेदाम्लांत बदललं आणि त्यांतून साबण करून दाखवला. पेटच्या बाजूला तर याहून मोठी मजल गेली. जपानमधल्या साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्वापराच्या जागी पेट खाणारा जिवाणू सापडल्याचं २०१६ साली जाहीर झालं. २०२०मध्ये फ्रान्समधल्या तूलूझच्या संशोधकांनी कार्बियोस कंपनीबरोबर सुधारलेल्या विकराने दहा तासांत पेटचा नव्वद टक्के भाग सुटा केला. २०२५मध्ये एडिंबरा विद्यापीठाने पेटमधून निघालेल्या टेरेफ्थॅलिक आम्लापासून जिवाणूंच्या मदतीने पॅरासिटामॉल बनवलं. या बातम्या वाचून आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. पण कार्बियोसचाच मोठा कारखाना पैशांअभावी लांबणीवर पडला, हेही लक्षात ठेवायला हवं. खनिज तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि जुनं सोडवणाऱ्याचं गणित कोसळतं. प्रयोगशाळेतला उतारा आणि बाजारातला भाव, या दोन्ही परीक्षा पार केल्याशिवाय काही टिकत नाही. पेट आज दोन्ही पार करतं, पॉलिथिन पहिली करतं आणि दुसरीत अडतं.

आता मेढ्याकडे परत येऊ. एका गुंडाळीत साधारण चारशे मीटर फिल्म, रुंदी सव्वा मीटरच्या आसपास, जाडी पंचवीस मायक्रॉन. पॉलिथिनच्या घनतेने हिशेब केला तर गुंडाळीचं वजन अकरा-बारा किलो भरतं. वाफ्यांचं अंतर धरून एकराला साठ ते ऐंशी किलो. जावळी आणि महाबळेश्वर मिळून फक्त एक हजार एकर धरले, तरी दर हंगामाला साठ ते ऐंशी टन फिल्म जमिनीवर अंथरली जाते. सांगलीकडे तासगाव-आटपाडीत द्राक्ष-डाळिंबाच्या बागांवर टाकायची झाकणं, मुरघासाच्या पिशव्या, ठिबकच्या फुटलेल्या नळ्या धरल्या, तर शेतीचं प्लास्टिक हा वेगळाच प्रवाह आहे. हे सगळं कुणाच्या जबाबदारीत येतं? उत्पादकांची वाढीव जबाबदारी आखली गेली ती प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी. बिस्किटाच्या कंपनीला तिच्या पुड्यांचा हिशेब द्यावा लागतो. मल्चिंग पेपर हे वेष्टन नाही, म्हणून त्याच्या कारखानदाराला तसा हिशेब द्यावा लागत नाही. मेढ्याच्या नगरपंचायतीची घंटागाडी गावात फिरते, शेतात जात नाही. म्हणजे ही फिल्म कुणाच्याच खात्यावर नाही.

आणि तरीही ती अंथरायला सरकार पैसे देतं. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाखाली प्लास्टिक आच्छादनासाठी मैदानी भागात हेक्टरी ३२ हजार रुपये खर्च धरून त्याचा निम्मा भाग अनुदान म्हणून, जास्तीत जास्त दोन हेक्टरपर्यंत, कित्येक वर्षं मिळत आला. अनुदान चुकीचं नाही. आच्छादनामुळे पाणी वाचतं, खुरपणीची मजुरी वाचते, डोंगरातल्या अल्पभूधारकाला त्याचा खरा फायदा होतो. पण अनुदानाचं पत्र फिल्म अंथरण्यापाशी संपतं, उचलण्याचा शब्द त्यात नसतो. हा दोष शेतकऱ्याचा नाही. ज्या वस्तूला विकत घेताना मदत मिळते आणि टाकताना शून्य किंमत असते, ती बांधावरच पडणार.

आयर्लंडमध्ये १९९७ पासून शेतीची फिल्म गोळा करणारी संस्था आहे. मुरघासावर गुंडाळायची फिल्म विकणाऱ्या कंपन्या टनामागे शुल्क भरतात, त्या पैशांतून जागोजागी संकलनाचे दिवस ठरतात आणि शेतकरी फिल्म आणून देतात. फ्रान्समध्ये २००१ साली स्थापन झालेली अदिव्हालोर ही संस्था हेच काम करते. तिथल्या शेतकऱ्याला फिल्म झटकून, माती पाडून, सुतळी-दोरी वेगळी काढून, घडी घालून आणावी लागते, कारण माती वाहून न्यायला डिझेल लागतं आणि माती धुवायला पाणी. हे दोन्ही देश आपल्यापेक्षा श्रीमंत आहेत, पण ही व्यवस्था श्रीमंतीवर नाही, विक्रीच्या वेळी घेतलेल्या पैशावर चालते.

जावळीत असं काही व्हायचं तर फिल्मचं काय करायचं, याचा क्रम आधी ठरला पाहिजे. जी फिल्म झटकल्यावर बऱ्यापैकी स्वच्छ निघते, तिला कुठल्याही रसायनाची गरज नाही. धुऊन, वितळवून तिच्या काळ्या नळ्या किंवा कचऱ्याच्या पिशव्या होतात. त्याला ऊर्जा सर्वांत कमी लागते. तीच पहिली वाट असली पाहिजे. ऊन खाऊन ठिसूळ झालेली, चुरा होणारी फिल्म तेलाच्या भट्टीकडे, आणि शक्यतो असं तेल जे जळणाऐवजी परत नाफ्थ्यात जाईल. पीव्हीसी पहिल्या दिवसापासून वेगळं. जाडीचाही प्रश्न आहे. स्वस्त पडते म्हणून पंचवीस मायक्रॉनहून पातळ फिल्म घेतली की ती काढताना अखंड निघतच नाही आणि मग कुठलीच वाट उरत नाही. थोडी जाड फिल्म घ्यायला शेतकऱ्याला जो फरक पडतो, तो अनुदानातून भरून देणं हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. मातीत विघटन होणारी फिल्मही मिळते, पण ती महाग पडते, म्हणून आज तिच्यावर भिस्त ठेवता येणार नाही.

गोळा करणारे हात आहेत. कास पठारावर गावकऱ्यांच्या समित्या फुलांच्या हंगामात गर्दी आणि कचरा सांभाळतात. पाचगणीने जुन्या कचराडेपोची जागा साफ करून तिला पाहण्यासारखं ठिकाण बनवलं. कराड २०२०च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिलं आलं. हा सातारा जिल्हा कचरा वेगळा करू शकतो, त्याने ते करून दाखवलं आहे. नाही ती फक्त शेतातून निघालेल्या फिल्मला मिळणारी किलोमागची किंमत. ती दोन रुपये असली तरी चालेल, पण ती ठरलेली हवी आणि मेढ्यात रोख मिळायला हवी.

वेळेचं बंधन मात्र कडक आहे. मेच्या मध्यापासून वळीव कोसळायला लागतो आणि एकदा फिल्म भिजली की तिला लागलेली माती चिखल होते, वजन दुप्पट होतं. एप्रिलचा शेवटचा आणि मेचा पहिला आठवडा, एवढाच अवधी संकलनाला मिळतो. त्यासाठी सप्टेंबरात अनुदानाचे अर्ज भरून घेतानाच त्यात आणखी एक रकाना हवा: मे महिन्यात फिल्म परत दिल्याची पावती, आणि त्या पावतीवर अनुदानाचा शेवटचा हप्ता.